सासूबाईंची निळी नखं

मी निळ्या नेलपॉलिशची बाटली बोलतेय. मोठ्या कारखान्यातली नाही हं! मुआर गावात झुनैदानं मला आपल्या स्वयंपाकघरात घोटलं. एका हातानं माझ्यात निळी पूड, दुसऱ्या हातानं कालवणात मीठ. नाव ठेवलं ‘विरहसागर’. मुआरच्या किनाऱ्याचं पाणी चहासारखं गढूळ. हिला निळा सागर कुठं दिसला, देव जाणे! आपला माल म्हटला की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही.

विकण्याआधी चाचणी हवी, म्हणून तिनं मला मैत्रिणीच्या, रोहायूच्या हाती दिलं. “सात दिवस लावून ठेव. टवका कधी उडतो ते सांग.”

आता आमच्याकडची रीत ऐका. नमाजाआधी हातपाय धुताना, म्हणजे वुजू करताना, नखाला पाणी लागायला हवं, आणि माझ्या थराखाली ते पोचत नाही. म्हणून पाळीच्या दिवसांत, नमाज नसतो तेव्हाच बायका मला लावतात. झालं! नखं रंगली की अख्ख्या आळीला कळतं. आणि कळलं की कुणाला गप्प बसवत नाही.

रोहायूच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिच्या सासूबाई केलसोम सुनेच्या तोंडाकडे क्वचित बघत. बघत ती नखं. त्या महिन्यात रोहायूला अकरा दिवस उशीर झाला. ती कुणाशी बोलली नाही, नुसती जपून चालायला लागली. मग एका सकाळी न्हाणीघरातून बाहेर आली, रडली, आणि मला उघडून एकेक नख रंगवत बसली.

शेजारीण रोकिया समोर असतानाच केलसोमबाई म्हणाल्या, “लावलंस का निळं? म्हणजे याही महिन्यात बोंबच!”

रोहायूनं मुठी मिटल्या. दुपारी झुनैदानं विचारलं, “किती टिकलं गं?”

“अर्धा दिवस. पुसून टाकलं.”

“टवका उडाला?”

“नाही. सासूबाईंनी पाहिलं.”

मला असा संताप आला! सात दिवसांची माझी ताकद, आणि मला हरवलं कुणी, तर एका बाईच्या जिभेनं.

पुढं मी खणात पडून होते. एके दिवशी सूर्य वर आल्यावर खण उघडला. पाहते तो केलसोमबाई! साठी उलटलेली, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली ही बाई इकडंतिकडं बघत मला नखांवर फासायला लागली. नखांवर कमी, बोटांवर जास्त. दुपारच्या नमाजाआधी पुसू, असा हिशेब असणार. खिडकीशी हात धरून हसत होत्या. मला हसू आवरेना.

तेवढ्यात केळ्याची भजी घेऊन रोकिया दारात हजर. “अगंबाई! केलसोम, या वयात पुन्हा सुरू झाली की काय?”

केलसोमबाईंनी हात पाठीमागं लपवले. चेहरा पांढराफटक. आतून रोहायू आली. मी मनात म्हटलं, बोल पोरी, आज व्याजासकट परत कर!

ती म्हणाली, “मावशी, झुनैदाच्या मालाची परीक्षा चाललीय. मीच आईंना लावलं. भजी ठेवा ना आत.”

रोकिया हिरमुसून गेली. रोहायूनं कापूस भिजवला आणि सासूचा एकेक हात मांडीवर घेऊन पुसायला लागली.

“त्या वेळी किती दिवस वर गेले होते गं?” केलसोमबाईंनी विचारलं.

“अकरा.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुम्हाला सांगितलं असतं, आई, तर माझ्याआधी रोकियामावशी रडल्या असत्या.”

केलसोमबाईंनी मान खाली घातली. हात मात्र ओढून घेतला नाही.

पुढच्या पाळीत रोहायूनं मला पुन्हा लावलं. जेवताना सासूबाईंची नजर सवयीनं नखांवर गेली, तोंड उघडलं आणि मोठ्या कष्टानं मिटलं. मग त्यांनी आपल्या पानातला माशाचा मोठा तुकडा सुनेच्या पानात सरकवला.

आता मी तळाला गेलेय, थोडी घट्ट झालेय. चाचणीत मात्र पास झाले: पुरे सात दिवस, एक टवका नाही. माणसांनो, मी नुसता रंग आहे. आवडला तर बघा, नाहीतर तोंड फिरवा. मला वाचू नका.