गुडगावातला प्रलंबित होमरन

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी बाबांनी दिल्ली परिसरातल्या ऐतिहासिक बेसबॉल-स्थळांची बस सहल काढली. अशी स्थळं एकूण तीन आहेत. ती बाबांखेरीज कुणाला माहीत नसल्यामुळे गाइडही तेच झाले.

बस म्हणजे रोज सकाळी आर. के. पुरमच्या सेक्टर चारमधून बाबूलोकांना ऑफिसात सोडणारी चार्टर्ड. रविवारी ती रिकामी असते. जुन्या संघातले उरलेले सहा जण, त्यांच्या बायका, आई, मी, आणि पहिल्या सीटवर मांडीवर पुरीभाजीचा डबा घेऊन अंपायर हणमंतकाका. काका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. अकरा वर्षं बाबा त्यांच्याशी फक्त पाण्याविषयी बोलत आले होते. आलं का, असं एकानं विचारायचं. आलं, असं दुसऱ्यानं सांगायचं. संपलं.

कारण सत्त्याण्णव सालच्या अंतिम सामन्यात बाबांनी मारलेला होमरन, म्हणजे बेसबॉलमधला षटकार, काकांनी फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा, ठरवला होता. येत्या शुक्रवारी बाबा निवृत्त होणार होते आणि पुढच्या आठवड्यात आम्ही मिरजेला जाणार होतो. जाण्याआधी काकांच्या तोंडून एकदा ‘होमरन होता’ हे ऐकायचं, एवढ्यासाठी ही सगळी सहल होती. पुरीभाजी हे आमिष होतं.

बस सुटल्यावर बाबांनी उभं राहून इतिहास सांगितला. खेळाडूंना वर्षाला दहा दिवस विशेष रजा मिळते असं परिपत्रक खात्यात आलं, तेव्हा क्रिकेटचा संघ भरलेला होता आणि कबड्डीत गुडघे जात होते. यादीत सगळ्यात खाली बेसबॉल होता. बाबांनी त्यावर खूण केली. शेजारच्या इमारतीतल्या खात्यानंही त्याच आठवड्यात तीच खूण केली, कारण हुशारी ही कुठल्याही एका खात्याची मक्तेदारी नसते. दिल्लीच्या सरकारी बेसबॉलमध्ये अशा प्रकारे दोन संघ झाले. दरवर्षी थेट फायनलच व्हायची.

पहिलं स्थळ बाबांच्या ऑफिसचं फाटक. अर्ज इथे दिला गेला. सगळ्यांनी खिडकीतून फाटक पाहिलं.

दुसरं स्थळ मुनिरकातलं एक दुकान, जिथे ग्लव्ह्ज घेतले होते. म्हणजे स्कूटरवाले थंडीत घालतात ते. आता तिथे चार मजली भाड्याच्या खोल्या होत्या. बाल्कनीत अभ्यास करत बसलेल्या एका मुलानं ही गर्दी कसली म्हणून विचारलं. बाबांनी सांगितलं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं आणि साल पुन्हा विचारलं. परीक्षेत हल्ली काहीही येतं म्हणे.

बॅटच्या मागणीचा कागद ‘क्रिकेटच्या बॅटने का भागत नाही’ या शेऱ्यासह तीनदा परत आला होता, म्हणून आईचं कपडे धुवायचं धोपटणं वापरलं गेलं. ते बाबांनी बसमध्ये सर्वांना हात लावायला दिलं. आईकडे आल्यावर तिनं ते पिशवीत टाकलं. बाबांनी परत काढून घेतलं. घरात वॉशिंग मशीन येऊन सात वर्षं झाली होती, पण हक्क तो हक्क.

तिसरं स्थळ गुडगाव. सत्त्याण्णवमध्ये इथे मोहरीची शेतं आणि त्यांच्या मध्ये एक मोकळं मैदान होतं. आता तिथे चौदा-चौदा मजल्यांचे चार टॉवर, आणि फाटकावर गार्ड. कुणाकडे जायचंय, फ्लॅट नंबर काय, असं त्यानं हिंदीत विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं. गार्डनं वही मिटली.

तेव्हा आई पुढे झाली आणि फ्लॅट बघायचाय म्हणाली. फाटक तात्काळ उघडलं. आतून क्षिप्रा नावाची हसरी मुलगी सर्वांसाठी फ्रूटी घेऊन आली. एका बसमधून पंधरा-सोळा गिऱ्हाइकं आलेली तिनं पहिल्यांदाच पाहिली असावीत.

यापुढे आमच्या सहलीला दोन गाइड होते.

क्षिप्रा म्हणाली, हा आपला ग्रँड एंट्रन्स. बाबा फाटकाजवळचा गावच्या हद्दीचा दगड दाखवून म्हणाले, ही होम प्लेट, इथून मी मारला. क्षिप्रानं टॉवर बीची लॉबी दाखवली, तो पहिला बेस निघाला. तिनं लहान मुलांचा पोहण्याचा तलाव दाखवला, तो दुसरा. तिसऱ्या बेसवर योगा डेक होता. आई प्रत्येक ठिकाणी कपडे कुठे वाळत घालायचे ते विचारत होती. क्षिप्राला तेवढ्याचंच उत्तर देता येत नव्हतं.

मग बाबांनी काकांना हद्दीच्या दगडापाशी उभं केलं. डावीकडच्या कोपऱ्यात जुनी ट्यूबवेलची खोली अजून होती, आता तिच्यात सोसायटीचा पंप बसवलेला. खोलीच्या उजवीकडे पडला तर खरा, डावीकडे पडला तर फाउल, असं तेव्हा ठरलेलं. चेंडू एका कीकरीच्या, म्हणजे बाभळीच्या, झाडाखाली पडला होता. ते झाडही होतं, भोवती पार बांधून. खोलीच्या चांगलं वीस पावलं उजवीकडे.

“बघा,” बाबा म्हणाले.

काकांनी बघितलं. डबा आईकडे दिला. “मला तेव्हाही दिसलं होतं, विनायकराव.”

क्षिप्रानं हातातलं माहितीपत्रक मिटलं.

काकांनी मग शांतपणे सगळं सांगितलं. तुम्ही जिंकला असता तर तुम्हाला राष्ट्रीय स्पर्धेला पाठवलं असतं. तिथे बेसबॉल खेळता येणारी माणसं असतात. धोपटणं पाहून त्यांनी काय केलं असतं? फाउल दिल्यावर सामना अनिर्णित राहिला, फाईल प्रलंबित पडली, आणि पुन्हा सामना व्हायचा म्हणून दोन्ही संघांना तयारीसाठी दरवर्षी दहा दिवस मिळत राहिले. दरवर्षी मिरजेला कशाच्या जोरावर गेलात?

“अंपायरलाही दहा दिवस मिळतात,” बाबा म्हणाले.

“मिळतात. माझी नोकरीची अजून दोन वर्षं आहेत. तुम्ही शुक्रवारी सुटताय, म्हणून तुम्हाला सत्य आठवलंय.”

बाबा धोपटणं या हातातून त्या हातात घेत राहिले. मग हळूच म्हणाले, “तोंडी सांगा. फाईलवर नको.”

काकांनी थोडा विचार केला. खिशातून शिट्टी काढली. होमगार्डची ही शिट्टी होती म्हणूनच ते अंपायर झाले होते. त्यांनी ती जोरात वाजवली. होमरनची खूण त्यांना आजही माहीत नव्हती, म्हणून षटकाराला करतात तसे दोन्ही हात वर केले.

बाबा धावले. अकरा वर्षांपूर्वी ते पहिल्या बेसपर्यंतच पोचले होते, आता उरलेले बेस घेऊन होम प्लेटवर परत यायचं होतं, तेव्हाच होमरन पूर्ण होतो. लॉबीत शिरून त्यांनी फरशीला पाय लावला. बाहेर येऊन पँट दुमडली आणि फेब्रुवारीच्या गार पाण्यात, बदकाच्या चित्रावरून, दुसरा बेस गाठला. मागून गार्ड, साहेब, कॉश्च्युम कंपल्सरी है, असं ओरडत आला. योगा डेकवर एक बाई श्वास रोखून बसल्या होत्या, त्यांनी तो सोडला. ओल्या पायांनी बाबा हद्दीच्या दगडावर येऊन उभे राहिले आणि सगळी बस टाळ्या वाजवू लागली. क्षिप्रानंही वाजवल्या. काकांनी त्यांना हात देऊन खाली उतरवलं.

“पाय पुसा,” काका म्हणाले. पाण्याविषयीच होतं, पण सूर वेगळा होता.

आईनं धोपटणं पिशवीत टाकलं. या वेळी बाबांनी काढलं नाही.

निघताना क्षिप्रानं आईकडून मिरजेचा फोन नंबर घेतला आणि बाबांपुढे अभिप्रायाची वही केली. बाबांनी पेन उघडलं आणि मोठ्या अक्षरांत ‘होमरन हो’ एवढं लिहिलं. काका मागून वाकून बघत होते. बाबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, लिहिलेलं खोडलं, आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : निर्णय प्रलंबित.

मिरजेत आमच्या घरी अजूनही दर सोमवारी क्षिप्राचा फोन येतो. सर, निर्णय झाला का, असं ती विचारते. बाबा तिला सांगतात, दोन वर्षं थांबा.