चोट्टा हेमकांत आणि मी

मी एक जुना भोंगा आहे, मित्रांनो. रनाळ्याच्या हेमकांतच्या जीपच्या टपावर मला दोरीने बांधलेले असते. माझ्या काठाला पोचा आला आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे. हे मी गर्वाने सांगतो, कारण ते सांगायला आता दुसरे कोणी उरले नाही.

नंदुरबारच्या एका लहानशा दुकानात पत्रा ठोकून मला घडवले. लग्ने, पोलिओचे डोस, निवडणुका, सगळीकडे माझ्यावाचून पान हलत नसे. मग डीजे आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कोळ्याने माझ्या तोंडात घर केले. तेथून मला हेमकांतनेच काढले आणि स्वतःच्या रुमालाने पुसले. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

यंदा हिंमतराव जिल्हा परिषदेला उभे राहिले. ते रनाळ्याचेच. प्रचाराची पुकार हेमकांत करणार, हे ठरलेलेच होते. पण मागच्या खेपेला कोणी भामटा कार्यकर्ता म्हणून घरोघर शिरला आणि लोकांच्या आधार कार्डांचे फोटो काढून पसार झाला. म्हणून या वेळी प्रत्येक कार्यकर्त्याची चौकशी करायला पुण्याहून रुचिका नावाची मुलगी आली. शेजाऱ्यांना फोन करून ती विचारी, माणूस कसा आहे? पोर कामाला चोख होती.

हेमकांतची शेजारीण म्हणजे म्हातारी कौसाबाई. तिने फोनवर ठणकावून सांगितले, "हेमकांत? तो ते लहानपनपासून चोट्टा शे!"

झाले! रुचिकाने हेमकांतला कामावरून काढायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी पारासमोर सभा होती. तिची पुकार चालू असतानाच रुचिकाने सगळ्यांदेखत त्याला थांबवून हे सांगितले. हेमकांत माझी दोरी सोडू लागला. एवढ्या गावासमोर चोर ठरला बिचारा! आणि मला दिसू लागला तो माळा, तो कोळी. मला रडू फुटत होते, पण भोंग्याला स्वतःचा आवाज नसतो.

तेवढ्यात कौसाबाई काठी टेकत जीपजवळ आली. हेमकांतच्या गळ्यातला माईक चालूच होता. समोर हिंमतरावांना पाहताच ती कडाडली, "ए चोट्टा! इतला मोठा व्हयना, आते मन्हा घर कायले येत नही?"

मी ते शब्द अख्ख्या रनाळ्याला ऐकवले. सारा पार हसला. हिंमतरावांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. रुचिका तेवढी चकित होऊन पाहत राहिली. मग कौसाबाई फोनवर हेमकांतला काय म्हणाली ते तिने हळूच हिंमतरावांना सांगितले, आणि सगळा घोटाळा उलगडला. चोट्टा ही तर म्हातारीची लाडाची हाक!

हिंमतराव हसत रुचिकाला म्हणाले, "ताई, मंग पहिले माले काढ! आमनी माय ज्याले चोट्टा म्हनत नही, त्यानी चौकशी कर."

रुचिकाने हेमकांतची माफी मागितली. त्याने माझी दोरी पुन्हा आवळली, चांगली दोन गाठी मारून.

मित्रांनो, घरात शिरणाऱ्याची चौकशी जरूर करा. पण माणसाची पारख फोनवर उरकू नका, त्याच्या अंगणात जाऊन बसा. आणि माळ्यावर कोणी माझ्यासारखा पडला असेल, तर त्याला एकदा खाली काढून पुसा.

प्रचार संपला तेव्हा रुचिका निरोप घ्यायला कौसाबाईकडे गेली. मी दारातच उभ्या जीपवर होतो. म्हातारीने तिच्या पिशवीत शेंगा भरल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवत विचारले, "आते परत कवय येशी वं, चोट्टी?"

पोरीचे डोळे भरून आले.