ऑफिसातली झोळी

डोळे मिटा पाहू. तुम्ही दहा वर्षांच्या आहात. कडेवर आठ महिन्यांचा भाऊ, बगलेत पाटी. शाळेच्या दारात नव्या मोठ्या बाई म्हणताहेत, "बाळाला घरी ठेवून ये. शाळेत बाळं आणायची नसतात."

त्या मोठ्या बाई म्हणजे मी. १९७८ चा जुलै होता. नाशिकहून बढतीवर हरसूलजवळच्या एका पाड्यावर मुख्याध्यापिका होऊन आले होते. शिस्त लावायची, एवढंच ठाऊक होतं. दारातली मुलगी चौथीतली कुसा. मान हलवून ती निघून गेली.

आठवडा झाला तरी ती आली नाही. वर्गात सगळ्यांत आधी वाचायला शिकलेली पोर!

माझे सहशिक्षक निवृत्ती गुरुजी तिथे अकरा वर्षं होते. म्हणाले, "भाताची आवणी सुरू झाली, बाई. आता सुटली की पोर परत येत नाही. मागल्या साली दोघी अशाच गेल्या."

मी तशीच शेतावर गेले. कुसा बांधावर बाळाला घेऊन बसली होती. तिची आई फुलाबाई चिखलात वाकून आवणीची रोपं लावत होती.

"कुसाला शाळेत का पाठवत नाही?" माझा आवाज चढलाच.

फुलाबाईनं कंबर सरळ केली. "बाई, तुमीच सांगलं ना, बाळाला घरी ठेव म्हनून? घरी कोन हाय? समदे हितं चिखलात."

तिनं हात धुतले, अर्धी नागलीची भाकर माझ्या हातावर ठेवली. "खा. लय चालून आलाय."

रागाचा एक शब्द नाही. त्या भाकरीचे उपकार मी अजून विसरले नाही.

"उद्या तिला बाळ घेऊनच पाठवा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझं जुनं लुगडं ऑफिसातल्या आढ्याला बांधू लागले.

"शाळा आहे का पाळणाघर?" गुरुजी म्हणाले. "साहेब तपासणीला आले तर?"

"तर त्यांनाही एक झोका देऊ."

गुरुजी हसू दाबत स्टुलावर चढले. "सरका. तुमची गाठ सुटेल."

प्रार्थना संपता संपता कुसा आली. झोळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाळाला हळूच आत ठेवून एक झोका दिला.

"जा, वर्गात बस," मी म्हटलं.

ती वर्गात गेली नाही. पुन्हा दाराशी गेली. कुंपणापलीकडे दोन मुली उभ्या होत्या, दोघींच्या कडेवर पोरं. त्यांची नावं माझ्या हजेरीपटावर नव्हती. रोज रस्त्यानं जाताना दिसायच्या. मी कधी विचारलंच नव्हतं.

कुसानं हात उंच करून हाक मारली, "ये गं चिमणे! त्याला बी आन. हितं चालतं."