गॅलरीतला मळा

पुनमने सासऱ्यांसाठी शेत घ्यायचं ठरवलं, आणि तेही लातूरच्या फ्लॅटच्या गॅलरीत मावेल एवढं.

सासरे, व्यंकटराव, मुखेडजवळच्या गावी एकटेच राहायचे. दिवाळीनंतर तुरीच्या रानात त्यांना भोवळ आली आणि संध्याकाळपर्यंत ते तिथंच पडून राहिले. शेजारच्या माणसाला दिसले म्हणून बरं. तेव्हा शेत बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन मुलगा सत्यम आणि पुनम त्यांना लातूरला घेऊन आले. म्हातारा आला खरा, पण तिसऱ्या मजल्यावर शेतकऱ्यानं करायचं तरी काय? पेपर वाचून झाला की ते गॅलरीत उभं राहून खालच्या गाड्या बघत, आणि मधूनच म्हणत, "आता जावं म्हनतो गावाकडं." की पुनम लगेच विषय बदलायची. पुन्हा कुठे रानात पडले तर? आणि खरं सांगायचं तर तिला हा माणूस मनापासून आवडायचा. ती ऑफिसातून दमून आली की "जेवलीस का गं माय?" असं विचारणारं त्या घरात दुसरं होतं कोण? सत्यम "जेवायला काय आहे?" एवढंच विचारायचा.

म्हणून एका रविवारी ती सासऱ्यांना घेऊन औसा रोडवरच्या एका दुकानात गेली. मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यावर भाजी पिकवायचं सामान तिथं मिळायचं.

"मातीबिगर?" व्यंकटराव म्हणाले. "मग पालक उभा ऱ्हायचा कशावर?"

दुकानदाराने जाळीच्या कपातली पांढरीशुभ्र मुळं दाखवली, तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

प्रकार दोन होते. एक साधा टब. झाकणाला भोकं, भोकांत रोपं, खाली पाणी, संपलं. दुसरा ऐटबाज. एकाखाली एक पांढऱ्या नळ्या, तळाला टाकी, टाकीत मुठीएवढी मोटार आणि वर टायमर. मोटार आपोआप चालू होणार, आपोआप बंद पडणार.

"ह्या टबात काय काय करावं लागतंय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"त्याच्या मागं लागावं लागतं, काका. रोज झाकण उचलायचं, पाणी किती उतरलं बघायचं, मुळं बघायची. नळ्यांना तसलं काही नको. तुम्ही चार दिवस गावाला गेलात तरी चालतंय."

पुनमला तेच हवं होतं. जन्मभर राबलेल्या माणसाला आता पुन्हा वाकायला लावायचं? तिने नळ्या घेतल्या. व्यंकटराव टबाच्या झाकणावर हात ठेवून उभे होते. ते तिला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा काही लागला नाही.

पालक असा माजला की सगळी बिल्डिंग येऊन बघून गेली. सुरुवातीला व्यंकटराव खुर्ची टाकून समोर बसत. उठून काही करावं, तर टायमर आधीच करून मोकळा. एकदा त्यांनी हौसेनं तांब्याभर पाणी ओतलं, तर सत्यम म्हणाला, "बाबा, हात नका लावू, सगळं सेट केलेलं आहे." त्यांनी मुकाट्याने खुर्ची आत आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जायलो मी. हितं सगळं आपोआपच व्हायलंय."

पुनमने हातातला घास ताटात ठेवला. टबावरचा तो हात तिला आत्ता आठवला. एवढ्या मायेनं आणलेल्या वस्तूनं तिनंच म्हाताऱ्याला रिकामं करून ठेवलं होतं.

सकाळी सत्यम कामाला गेला. व्यंकटराव पिशवी घेऊन चपला घालत होते, तेवढ्यात गॅलरीतून पुनम ओरडली, "मामा, मोटार जळाली!"

मोटार जळाली म्हटल्यावर कुठला शेतकरी एसटी गाठायला जाईल? पिशवी दारातच राहिली आणि व्यंकटराव एका चपलेनिशी धावत आले. टाकीत हात घालून त्यांनी मोटार वर काढली, उलटीपालटी करून पाहिली, नाकाशी नेली. मग त्यांची नजर वायरवरून सरकत भिंतीपर्यंत गेली. तिथं बटणांच्या बोर्डाला पाठ लावून पुनम उभी होती आणि काही केल्या हलत नव्हती. प्लग तिनंच मघाशी उपसून ठेवला होता.

"जळाली म्हनतीस?"

"हो."

"लई वाईट झालं," ते म्हणाले. "तांब्या आन. ऊन चढायच्या आत मुळं भिजाय पायजेत."

पुनमने रजा टाकली. दिवसभर व्यंकटराव टाकीतलं पाणी काढून वरच्या नळीत ओतत राहिले. ऊन आलं तेव्हा जुनं धोतर बांधून त्यांनी सावली केली. "ए, मान टाकू नगंस," असं एकेका रोपाला दटावत होते. चहा मागितला तोही गॅलरीतच. त्यांना तसं बघून पुनमला इतकं बरं वाटलं, की खोटं बोलल्याचं वाईट वाटायचंही राहून गेलं.

संध्याकाळी व्यंकटरावांच्या सांगण्यावरून रोपं बादलीत ठेवून दोघं बाकीचं सगळं सामान रिक्षात घालून दुकानात गेले. "मोटार जळाली," पुनम म्हणाली. दुकानदाराने मोटार पाण्यात सोडली, प्लग लावला आणि मोटारीने त्याच्याच शर्टावर फवारा उडवला.

"ताई, ही तर ठणठणीत आहे!"

पुनमला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हितं चालती," व्यंकटराव शांतपणे म्हणाले. "आमच्या घरी जळती."

पुनमने चमकून पाहिलं. म्हातारा मिशीत हसत होता. रानात कितीतरी मोटारी जळालेल्या पाहिलेला माणूस तो. त्याला पहिल्या वासालाच सगळं कळलं होतं, आणि तरी तो दिवसभर तांब्या घेऊन उभा होता.

"ह्ये ठिवा तुमच्याकडं," व्यंकटरावांनी दुकानदाराला सांगितलं. "तो टब द्या."

"देतो, पण काका, त्याला रोज बघावं लागतं. घरी कायम माणूस पाहिजे. आहे का कोणी?"

पुनमने सासऱ्यांकडे पाहिलं. याचं उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

व्यंकटरावांनी टबाचं झाकण काखोटीला मारलं.

"हाय की," ते म्हणाले. "मी हाय."