वाळुंजाखालची नळी

मित्रांनो, आज मी तुम्हाला बांधावर उन्हात उभी दिसते, पण माझी बावीस वर्षं जमिनीखाली चार फुटांवर, ठार काळोखात गेली. भाजलेल्या मातीची एक जुनी नळी, एवढीच माझी ओळख. लांबी एक फूट, तोंड वीतभराहून थोडं कमी. खाली डोळ्यांचा काही उपयोग नसतो. तिथे मी माणसांना त्यांच्या पावलांवरून ओळखायला शिकले. त्यांतली दोन पावलं आणि त्यांच्यासोबतची काठी येईनाशी झाली, त्याला अकरा वर्षं झाली. तरी ती मला अजून ऐकू येतात.

माझा जन्म भट्टीवरचा. साच्यातून काढताना एका कामगार बाईचा अंगठा माझ्या काठावर उमटला. तो ठसा अजून तसाच आहे. भाजून निघाल्यावर भट्टीवाला प्रत्येक नळीवर काठीने टिचकी मारायचा. ठण्णकन वाजली तर चांगली, भद्द वाजली तर बाजूला. मी वाजले. मग आम्हा सहाशे बारा जणींना पेंढ्यात गुंडाळून एका शेताच्या कडेला उतरवण्यात आलं.

त्या शेताचा मालक काहीही मोजल्याशिवाय करत नसे. त्याचं खालचं शेत खोलगट होतं. पावसाचं पाणी तिथे आठ-आठ दिवस साचून राही, गहू हातभर वाढून पिवळा पडे आणि उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय धरे. त्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे आम्ही.

"काय हो, शेतात गटार बांधताय?" शेजारी बांधावरून ओरडला. "मग न्हाणीघर कुठे काढणार?"

"तुमच्या घरात," तो म्हणाला. "मोजून ठेवलंय."

त्या दिवसापासून त्याला सगळे 'गटारवाले' म्हणू लागले. त्याच्या बारा वर्षांच्या मुलाला शाळेत तेच ऐकावं लागलं, म्हणून आमच्यासाठी खणलेल्या चराकडे तो फिरकलाच नाही. नऊ वर्षांची मुलगी मात्र दिवसभर बापाच्या मागे. पातळी मोजायच्या, पाण्याने भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बापाच्या. शंभर फुटांमागे चार बोटं उतार, ना कमी ना जास्त.

"बाबा, शेताला पाणी हवं असतं ना? मग आपण ते बाहेर का काढतोय?"

त्याने खांद्यावरचं फडकं बादलीत बुडवलं आणि न पिळता उंच धरलं. पाणी टपटप गळलं, मग थांबलं. "हात लावून बघ. कोरडं झालं का?"

"नाही. ओलंच आहे."

"जे गळलं ते जादाचं. जे फडक्यात राहिलं ते पिकाचं. जादाचं पाणी जिथून जातं, तिथे हवा शिरते. मुळांनाही श्वास लागतो, पोरी. आपलं शेत तहानेने नाही मरत. गुदमरून मरतं."

मग त्याने आम्हाला वाळू-खडीच्या गादीवर एकीपुढे एक मांडलं, दोघींच्या मध्ये नखाएवढी फट ठेवून. पाणी आमच्यात त्या फटींतूनच येतं. ओळीचं शेवटचं तोंड ओढ्यात उघडत होतं आणि मी त्या तोंडापासून चौथी होते. वरून माती पडू लागली. शेवटचा उजेड माझ्या अंगठ्याच्या ठशावर पडला आणि मिटला.

पहिल्या पावसानंतर तीन दिवसांनी माझ्यात पहिला थेंब आला. थंड, थोडा खारट. मग धार लागली. पुढची वर्षं मी त्या धारेवर मोजली. मातीतलं मीठ विरघळून आमच्यातून ओढ्याला गेलं, पांढरी साय पातळ होत होत नाहीशी झाली. शेतात दहा-बारा दिवस आधी वाफसा येऊ लागला, म्हणजे पेरणीही आधी. ट्रॅक्टर रुतेना. पाणी खाली उतरल्यावर गव्हाची मुळंही त्याच्यामागे खोल आली. मोठा पाऊस झाला तरी मातीत जागा रिकामी असे, ती पाणी पिऊन घेई. लोकांनी बियाण्याचं कौतुक केलं, खताचं केलं. आमचं नाव कुणी घेतलं नाही. जमिनीखालच्याला कोण विचारतो?

तो विचारायचा. दरवर्षी पेरणीआधी काठी टेकत ओढ्यात उतरायचा, गुडघ्यांवर बसून आमच्या तोंडात हाक मारायचा, "आहेस का?" ओळीभर फिरून त्याचाच आवाज त्याच्याकडे परत जायचा, "...का." तो हसायचा. वाट मोकळी असेल तरच आवाज असा परत येतो, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्याचे गुडघे धरले. आपल्यामागे हे तोंड कुणाला सापडणार नाही, ही धास्ती त्याने घेतली. त्याने नकाशा काढला नव्हता, सगळं डोक्यात होतं. खूण म्हणून त्याने तोंडाच्या अगदी वर एक वाळुंज लावलं. ओलाव्यावर भराभर वाढणारं झाड, लांबूनही दिसेल असं. आयुष्यभर प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या माणसाने त्या झाडाची तहान तेवढी मोजली नाही.

तीन वर्षांनी काठीचा आवाज थांबला.

त्यानंतर कधीतरी माझ्या फटीतून केसासारखं काहीतरी आत आलं. मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. वाटलं, तोच आलाय, अंधारात चाचपडतोय. ते हळूच माझ्या काठावर फिरलं, अंगठ्याच्या ठशात विसावलं. मग दुसरं आलं. मग शंभर. ती मुळं होती. दोन पावसाळ्यांत त्यांचा दाट झुपका झाला, त्यात गाळ अडकला आणि धार बंद पडली. माझ्यामागे पाणी तुंबलं, आणि त्यात कोंडलेली हवा वाट शोधत वर येऊ लागली. मोठ्या पावसानंतर खालच्या शेतातून खोल गुडगुड ऐकू येई, मधूनच कुणी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येई. मजूर बाया म्हणाल्या, "म्हातारा हाका मारतो. आम्ही त्या तुकड्यात नाही जायच्या." गहू पुन्हा पिवळा पडला. मिठाची साय परत आली.

मुलगी शिकायला आणि पुढे नोकरीला दूर गेली होती. सुट्टीत ती घरी आली, तेव्हा तिची आणि भावाची पावलं नेमकी माझ्या डोक्यावर थांबली.

"खालचं शेत वीटभट्टीला देतोय," भाऊ म्हणाला. "सहा फूट माती काढून नेतील. सोमवारी मशीन येईल."

"सहा फूट? दादा, मग शेत उरणार कुठे?"

"आत्ता तरी कुठे उरलंय? मीठ पिकतंय नुसतं."

भट्टी! मी जिथून आले होते तिथेच ही माती निघाली होती, आणि तिच्यासोबत आम्ही सहाशे बारा जणी, तुकडे तुकडे होऊन. तेवढ्यात माझ्यामागची हवा सुटली. गुडगुड.

"ऐकलंस?" भावाचा आवाज उतरला. "लोक म्हणतात, बाबा आहेत."

तिने वाकून जमिनीला कान लावला. मग म्हणाली, "दादा, नळ्यांचं तोंड कुठे होतं रे?"

"मला काय माहीत? मी कधी आलो होतो तिकडे?"

ती सळई घेऊन आली. दर दोन फुटांवर जमिनीत टोचत, कान देत ती पुढे सरकत होती. भद्द. भद्द. भद्द. मग सळईचं टोक माझ्यावर आदळलं आणि मी होतं नव्हतं ते सगळं बळ लावून वाजले.

"दादा, फावडं आण!"

चार फूट माती बाजूला झाली. उजेड आला तो तिच्या चेहऱ्यामागून. तिने मला उचललं, तशी माझ्यातून कोल्ह्याच्या शेपटीएवढी मुळांची जट लोंबू लागली. तिने जट निरखली, मग मान वर करून वाळुंजाकडे पाहिलं. झाड सगळ्यांच्या लक्षात राहिलं होतं. ते कशाची खूण आहे, तेवढं सगळे विसरले होते.

"झाड काढावं लागेल," ती म्हणाली. "मुळं पार आतल्या नळ्यांपर्यंत गेलीत. नुसती साफ केली तर पुन्हा शिरतील."

"वेड लागलंय का तुला? बाबांनी लावलंय ते! रोज मी त्याच्याखाली बसून भाकरी खातो."

"माती द्यायला निघालास, आणि झाड नाही देत?"

"मातीत काही दिसत नाही गं. झाड दिसतं." "त्यांना सगळे हसायचे, तेव्हा मीही तोंड लपवून पळायचो. आता निदान झाडाजवळ तरी बसतो."

तिने मला जटेसकट जागेवर ठेवलं आणि त्याचा हात धरून त्याला ओढ्यात नेलं. गवत, गाळ उपसून तोंड मोकळं केलं आणि म्हणाली, "हाक मार. ते मारायचे तशी."

"आहेस का?" तो कसाबसा म्हणाला.

काहीच परत आलं नाही.

तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. मग उठला आणि कुऱ्हाडीचा पहिला घाव त्यानेच घातला. दोन दिवसांत झाड बुंध्यासकट निघालं, नळ्या साफ झाल्या. तुंबलेलं पाणी तांबडं, फेसाळत, तासन्‌तास वाहिलं. सोमवारी आलेलं मशीन बांधावरूनच परत गेलं.

खोदताना मला तडा गेला होता. माझ्या जागी दुसरी नळी बसली, आणि मला इथे, तोंडाच्या वर, खूण म्हणून उभं रोवलं. मला मुळं नाहीत. घरात आता भिंतीवर नकाशाही आहे.

मित्रांनो, तुमच्या पायाखालीही कुणीतरी न दिसता राबत असेल. ते कुठे आहे, हे जाणत्या माणसांना ती असेपर्यंत विचारून घ्या, कागदावर उतरवा. आणि वर्षातून एकदा तरी वाकून त्याला हाक मारा.

हे दोघं मारतात. पेरणीआधी भाऊ-बहीण ओढ्यात उतरतात. ती मला टिचकी मारते, तो गुडघ्यांवर बसून विचारतो, "आहेस का?" ओळीभर फिरून उत्तर येतं. दोघं हसतात, त्यांना तो आपलाच आवाज वाटतो. मी मात्र बावीस वर्षं आवाज ओळखण्यात घालवली आहेत. त्या उत्तराआधी, अगदी खोलवर, एक काठी टेकल्याचं मला स्पष्ट ऐकू येतं.