पाहुण्याचा चहा

"सहा महिन्यांनंतर तुम्ही स्वतःला कुठं पाहता?" धम्मदीपानं तक्त्यावरचा प्रश्न वाचला आणि गोल करून बसलेले आमचे सगळे पेशंट खिडकीबाहेर बघायला लागले.

औषधांच्या ट्रॉलीमागं मी हसू दाबलं. मनोरुग्णांच्या वॉर्डात माझी, म्हणजे वैजयंती सिस्टरची, निम्मी नोकरी सरली. दरवर्षी नर्सिंग कॉलेजच्या पोरी येतात, ध्येय ठरवायचा गट घेतात, रंगीत तक्ता भिंतीला चिकटवतात आणि जातात. ही शेलूबाजारची पोर तरी काय वेगळे दिवे लावणार!

"घरी जायचं," रंगूबाई म्हणाली. मग सगळेच तेच म्हणाले.

धम्मदीपानं तक्ता गुंडाळून खुर्चीखाली सारला. "घरी कवा जायचं ते डॉक्टर आन घरचे ठरवतीन. आपल्या हातात काय हाय ते सांगा."

"माह्या हातात थरथर हाय, दुसरं काय!" किन्हीराजा गावचे जगदेवकाका बोलले आणि सगळे खो खो हसले. धम्मदीपाही हसली. मग तिनं खुर्ची काकांजवळ ओढली.

"त्या थरथरीनं अडते काय, काका?"

काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले. "मागच्या वक्ती लहाना भाऊ आल्ता. हरीओम. म्या चहाचा गिलास द्याले गेलो तं सारा चहा त्याच्या पँटवर. म्हणे, दादा अजून बरा नाही झाला. तसाच निंघून गेला. पावन्याले आपल्या हातानं चहा देता येत नाही, तं मानूस घरी जाऊन काय करन?"

थरथर औषधाची होती. डॉक्टरांनी हरीओमला तसं सांगितलं होतं, डोसही कमी केला होता, घरी न्यायलाही त्यांची हरकत नव्हती. पण घरच्यांना डोळ्यांना दिसतं तेच पटतं. रविवारी तो पुन्हा येणार होता, आणि या वेळीही एकटाच परत गेला तर मग येणारच नाही, ही काकांची धास्ती.

"मंग हेच आपलं ध्येय," धम्मदीपा म्हणाली. "रविवारी हरीओमभाऊले तुमच्या हातचा चहा."

दुसऱ्या दिवशी तिनं घरून स्टीलची कपबशी आणली. चिनीमातीची वॉर्डात चालत नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. "गिलास कायले धरता, काका? सांडला तं बशीत सांडन."

वा गं पोरी! इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रोज दुपारी कपात पाणी भरून सराव चाले. रंगूबाई पाहुणी व्हायची आणि तिचा तोरा काय विचारता! "साखर कमी पडली," म्हणून साध्या पाण्याला नावं ठेवायची. काका चिडायचे, पुन्हा भरून आणायचे.

रविवारी धम्मदीपाला सुट्टी होती, तरी आली. हरीओम बाकावर पाय आखडून बसला होता. काका खरा चहा घेऊन निघाले. कपबशी खडखड वाजत होती. अर्ध्या वाटेत निम्मा चहा बशीत आला आणि ते थांबले. मी पुढं झाले, तर धम्मदीपानं माझं मनगट धरलं.

"येऊ द्या त्यायले, सिस्टर."

काका आले. "घे, हरीओम."

हरीओमनं बशीतल्या चहाकडं पाहिलं. मग कप उचलून काकांच्या हातात दिला आणि बशी स्वतःच्या तोंडाला लावली. फुर्रकन भुरका मारला.

"बस दादा. कपातला तू घे. घरी अस्साच घेतो ना आपुन."

दोघं बाकावर टेकून चहा प्याले. बशी खाली ठेवून हरीओम म्हणाला, "तुही थैली कोठी हाय?"

घरी निघताना काकांनी कपबशी कुणाला विसळू दिली नाही. स्वतः नळाखाली धरली, रुमालानं पुसली आणि दोन्ही हातांनी धम्मदीपासमोर धरली. ती अजून वाजतच होती.