आत्याचा डावा हात

बारकीला युनिव्हर्सिटीत रेडिओग्राफीच्या कोर्सला जागा मिळाली आणि त्या दिवसापासून तिने घरात कुणाला सुखाने बसू दिलं नाही. रेडिओग्राफी म्हणजे एक्स-रे काढायची विद्या, हे तिच्या वडिलांनी शेजारपाजारी इतक्यांदा सांगितलं की लोक त्यांना लांबून पाहून वाट बदलू लागले. जागा मिळाली होती, पण अटीवर. कोर्स सुरू व्हायच्या आत हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात पंधरा दिवस उभं राहून काम बघायचं आणि तिथल्या प्रमुखांचं शिफारसपत्र आणायचं. शिवाय एक लांबलचक फॉर्म होता. त्यात लसी कुठल्या घेतल्या, चष्मा आहे का, असलं सगळं विचारून झाल्यावर शेवटी एक प्रश्न होता: तुमच्या हातून कधी कुणाला इजा झाली आहे का? बारकीने फटकन 'नाही' लिहून टाकलं. त्या दिवशी ते खरंही होतं.

तयारी जोरात सुरू झाली. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने एक जाडजूड पुस्तक पैदा केलं. कुठल्या हाडाचा फोटो काढायला माणसाला कसं निजवायचं, कसं वळवायचं, याची त्यात चित्रं होती. प्लेटच्या जागी पुठ्ठा, मशीनच्या जागी टॉर्च आणि पेशंटच्या जागी घरातलं जे हाताला लागेल ते. आईची छाती झाली, वडिलांचे दोन्ही गुडघे झाले. "श्वास घ्या, धरा, हलू नका," असं बारकी हुकमी आवाजात म्हणायची आणि 'सोडा' म्हणायला विसरायची. आई बिचारी दूध उतू जाईपर्यंत श्वास धरून उभी.

आत्याला मात्र तिने हात लावला नव्हता. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर चार दिवस आरामाचे यायच्या आत अर्धांगाचा झटका आला. गेली सहा वर्षं ती आतल्या खोलीत कठड्याच्या पलंगावर होती. डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत. डावा हात तेवढा कोपरात दुमडून छातीशी घट्ट बसला होता. बारकी प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटली तेव्हा आईवडिलांनी हात टेकले होते. आत्याने टेकले नाहीत. पलंगावर पडल्या पडल्या तिने बारकीकडून वर्षभर फिजिक्स घोटून घेतलं. ही जागा खरं तर आत्याने मिळवली होती, आणि आत्याला ते चांगलं ठाऊक होतं.

आत्याचं सगळं करायला मावशी होती. मावशी नात्यातली नव्हे, पगारी. पण सगळे तिला मावशीच म्हणत. एजन्सीकडून आली ती टिकली. आंघोळ, कपडे, औषधं, कूस बदलणं, सगळं तीच करायची. सहा वर्षांत आत्याच्या पाठीला एक जखम होऊ दिली नव्हती तिने. घरातल्या कुणाला याचं विशेष काही वाटत नसे. पंखा नीट चालतो तेव्हा पंख्याकडे कोण बघतं?

हॉस्पिटलमध्ये मात्र बारकीची डाळ शिजेना. तिथल्या प्रमुख रेडिओग्राफर बाईंना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. तीस वर्षं हाडं बघून त्यांचं बोलणंही हाडासारखंच झालं होतं. नवव्या दिवशी एक आखडलेला म्हातारा आला. मॅडमनी बारकीला विचारलं, "खांद्याचा फोटो, दंड बाहेर वळवून. कसं ठेवशील याला?" बारकीने पुस्तकातलं पान घडाघडा म्हणून दाखवलं. मग पुढे होऊन तिने त्या म्हाताऱ्याचा हात धरला, आणि तो वळेना म्हटल्यावर तशीच धरून उभी राहिली. खोलीत चार माणसं होती. मॅडमनी तिला बाजूला केलं.

"पुस्तकातली माणसं सरळ असतात," त्या म्हणाल्या. "इथे येतात ती वाकडी. वाकड्या माणसाचा फोटो काढता येत नसेल तर मी पत्र कशाचं देऊ? उद्या परत विचारेन."

बारकी घरी आली ती धुमसतच. अपमान गिळायची तिला सवय नव्हती. लाडाकोडात वाढलेल्यांना नसतेच. घरात वाकडं माणूस एकच होतं. मावशी बादली घेऊन बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेलेली, आई बाजारात, वडील कामावर. बारकीने पुठ्ठा आणि टॉर्च उचलली आणि आत्याच्या खोलीत शिरली.

"कर बाई कर," आत्या म्हणाली. तिला गंमतच वाटत होती. "इतके दिवस मला विचारलं नाहीस. मी काय पेशंट नाही होय?"

बारकीने खांद्याखाली पुठ्ठा सरकवला. दुमडलेलं कोपर एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने मनगट, आणि तळहात छताकडे यावा म्हणून सगळा हात बाहेर वळवायला लागली. थोडा वळला. पुढे वळेना.

"बस, तेवढाच वळतो तो," आत्या म्हणाली.

"अजून वळायला पाहिजे. हलू नका."

"अगं, दुखतंय."

"हलू नका म्हटलं ना." बारकीला समोर आत्या दिसत नव्हती. उद्या चार माणसांसमोर उभ्या राहिलेल्या मॅडम दिसत होत्या. तिने मनगटाला अजून एक पीळ दिला. पेन्सिल मोडावी तेवढाच आवाज आला, आणि मग तो हात वळला. सहज वळला, पाहिजे तेवढा.

आत्या ओरडली नाही. तिने चादर तोंडात धरली. बारकी पलंगाशेजारी बसली आणि "मला काढून टाकतील, आत्या, मला आता घेणार नाहीत" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हात मोडला होता आत्याचा, आणि रडत होती बारकी. शेवटी समजूतही आत्यालाच काढावी लागली.

"मी पडले म्हणून सांग," आत्या धापा टाकत म्हणाली. "पुठ्ठा उचल आधी."

मावशी रिकामी बादली घेऊन आत आली. तिने हात पाहिला, आत्याचा चेहरा पाहिला, मग पलंग पाहिला. "पडल्या कशा?" ती म्हणाली. "कठडा तर वर आहे." ओढणीची झोळी करून तिने तो हात जिथल्या तिथे बांधला आणि खाली जाऊन गाडी आणली.

जवळचं हॉस्पिटल एकच, म्हणजे मोठ्या मॅडमचंच. बारकीला त्यांनी काचेमागच्या खोलीत उभं केलं, जिथून मशीन चालवतात तिथे. आणि मग बारकीच्या डोळ्यांदेखत त्यांनी फोटो काढला. आत्याच्या हाताला बोटसुद्धा न लावता. हात छातीशी होता तसाच ठेवून त्यांनी मशीनच फिरवलं, तिरकं केलं, खाली आणलं, प्लेट सरकवली. दोन मिनिटांत झालं.

"हेच उद्या सांगणार होते तुला," काचेमागे परत येऊन मॅडम म्हणाल्या. "वाकड्या माणसाला सरळ करायचं नसतं. मशीन वाकडं करायचं असतं."

मग पडद्यावर हाड उमटलं. दंडाच्या हाडाभोवती वरून खाली गोल उतरत गेलेली एक काळी रेघ होती. मॅडम बराच वेळ ती बघत राहिल्या.

"पडल्या म्हणून कोण म्हणालं?"

"त्याच म्हणाल्या," बारकी म्हणाली.

"पडून हाड असं मोडत नाही. हे कुणीतरी पिळलंय."

अशा वेळी विभागाने गप्प बसायचं नसतं, असा नियमच आहे. मॅडमनी हॉस्पिटलच्या समाजसेविकेला बोलावलं आणि दोघी आत्यापाशी आत गेल्या. काचेमागचा स्पीकर चालूच राहिला होता. पेशंटला सूचना द्यायला असतो तो, आणि पेशंटचं कण्हणं ऐकायला.

"आजी, घाबरू नका," समाजसेविका म्हणाली. "हात कुणी पिळला?"

आत्याने काचेकडे पाहिलं. आतून ती काच आरशासारखी दिसते, पण आपण तिकडे उभे आहोत हे तिला माहीत आहे, असं बारकीला वाटलं. दार उघडंच होतं. चार पावलं टाकून आत जायला तिला कुणी अडवलं नव्हतं.

"ती जरा घाईत असते," आत्या सावकाश म्हणाली. "कपडे घालताना."

"ती म्हणजे कोण?"

"मला सांभाळते ती."

बारकीने सुटकेचा श्वास सोडला. अगदी मनापासून सोडला, आणि तेवढ्यापुरती तिला स्वतःची लाजही वाटली. पण तेवढ्यापुरतीच.

मावशी बाहेर बाकावर आत्याची शाल आणि कवळीची डबी मांडीवर धरून बसली होती. तिला आत बोलावलं, विचारलं. ती म्हणाली, मी केलेलं नाही. परत विचारलं, तिने परत तेच सांगितलं. मग तिने दाराशी उभ्या बारकीकडे पाहिलं.

"तू सांग ना, बाळा. मी बाल्कनीत होते. तू खोलीत होतीस."

"मी माझ्या खोलीत अभ्यास करत होते," बारकी म्हणाली. "मला काही माहीत नाही."

मावशीने बाहेर येऊन शाल आणि डबी बाकावर ठेवली, डबीचं झाकण नीट बसलंय का ते पाहिलं, आणि समाजसेविकेच्या मागे कागदावर सही करायला गेली. एजन्सीने त्याच आठवड्यात तिचं नाव यादीतून काढलं. असल्या कामातून एकदा असं नाव गेलं की कुठलंच दार पुन्हा उघडत नाही. पन्नाशीच्या बाईला दुसरं काय येत असणार?

मोठ्या मॅडमनी पत्र दिलं. नुसतं दिलं नाही, भरभरून दिलं. 'स्वतःच्या घरच्या पेशंटसमोरही जिचा तोल ढळला नाही अशी विद्यार्थिनी,' असं त्यात होतं. वडिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आईने डोळे पुसले.

आत्याचं करायला आता कुणी नव्हतं. नवी बाई यायला तयार होईना. त्या घरात काहीतरी झालंय, हे एजन्सीत पसरलं होतं. आईने नऊ दिवस केलं आणि तिच्या नाकी नऊ आले. दहाव्या दिवशी आत्याला एका शुश्रूषागृहात ठेवलं. तिथे सकाळी दोन मुली येत, बावीस म्हाताऱ्यांना उरकत आणि जात. कपडे चढवताना आधी कुठला हात घालायचा हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायला त्यांना वेळ नव्हता. आत्याच्या पाठीला महिन्याभरात दोन जखमा झाल्या.

कोर्स सुरू व्हायच्या आदल्या शुक्रवारी दुपारी बारकी तिला भेटायला गेली. आत्या इतकी वाळली होती की उशीत डोकं बुडालं होतं. बारकी वेळापत्रकाचं बोलली, वसतिगृहाचं बोलली. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"तिला परत आण," मग ती म्हणाली.

"कुणाला?"

"वेड पांघरू नकोस. मी तुझ्यासाठी एक खोटं बोलले. तू माझ्यासाठी एक खरं बोल. मॅडमना सांग. तुझी जागा जाईल, पुढच्या वर्षी परत बसशील परीक्षेला. फिजिक्स मी घेईन."

"एवढं पहिलं वर्ष होऊ दे, आत्या," बारकी म्हणाली.

"मग सांगशील?"

"पहिल्या वर्षात सांगितलं काय, तिसऱ्यात सांगितलं काय, काढूनच टाकतील. तीन वर्षं झाली की मग…"

"मग काय?"

"मग नोकरीचा परवाना. त्या फॉर्मवरही इजेचा तोच प्रश्न असतो," बारकी म्हणाली. तिने आत्याकडे बघायचं टाळलं.

आत्याला जन्मभर गणित शिकवायची सवय. उत्तर काढायला तिला वेळ लागला नाही. ती छताकडे बघत राहिली. तिचं डोकं उशीवरून घसरत होतं, मान अवघडली होती. बारकी उठली आणि उशी सारखी करायला वाकली.

आत्याने उजवा, चांगला हात वर करून तिला मध्येच अडवलं.

"तू नको," ती म्हणाली. "तू मला हात लावू नकोस. त्या मुलींना बोलव."

बारकीने भिंतीवरची घंटी दाबली. कुणी आलं नाही. तिने परत दाबली आणि घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते, आणि गणवेशाचं दुकान सहाला बंद व्हायचं. घंटी वाजती ठेवून ती निघाली.